गोष्टींना नावं ठेवताना

आधी ही तीन वाक्यं वाचा.

'आरंभी सगळीकडे पाणीच पाणी होतं.'

'आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता.'

'परवा माझ्या मित्राचा मित्र रात्री गाडीनं घाट उतरत होता, तर तिसऱ्या वळणावर पांढऱ्या साडीतली एक बाई हात करून उभी!'

गोष्ट अजून सुरूही झालेली नाही, पण कान तयार झाले. पहिलं वाक्य ऐकताना आपण जरा सावरून बसतो. दुसरं ऐकताना लोडाला टेकतो. तिसऱ्याला 'हॅ, काहीतरीच!' म्हणतो आणि पुढच्याच क्षणी विचारतो, 'कुठला घाट?' आटपाट नगर कुठल्या जिल्ह्यात येतं, हे मात्र कुणी विचारत नाही, लहान मूलसुद्धा नाही. आरंभीचं ते पाणी खारं होतं की गोडं, हाही प्रश्न सहसा डोक्यात येत नाही. (बाबिलोनच्या लोकांनी तो सोडवून ठेवला होता. त्यांच्या सृष्टिकथेत दोन्ही पाणी आहेत: गोड्याचा अप्सू आणि खाऱ्याची तियामत.)

कानाला न शिकवता कळणारा हा फरक. त्याला नावं देण्याचा उद्योग माणसं अडीच हजार वर्षं तरी करत आली आहेत. मिथक, पुराणकथा, दंतकथा, आख्यायिका, लोककथा, कहाणी, भाकडकथा हे शब्द रोजच्या बोलण्यात आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत टाकतो. एरवी त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते 'रामायण हे मिथक आहे' असं एखादा अभ्यासक म्हणतो तेव्हा. त्याला म्हणायचं असतं एक, ऐकणाऱ्याला ऐकू येतं भलतंच, आणि गंमत म्हणजे दोघांचंही आपापल्या जागी चुकलेलं नसतं.

मूथॉस, मिथ, मिथक

मूळ शब्द ग्रीक, 'मूथॉस'. होमरच्या महाकाव्यांत त्याचा अर्थ साधा आहे: बोलणं, शब्द, त्यातही भर सभेत वजनदार माणसानं उभं राहून केलेलं बोलणं. त्याला खोटेपणाचा वासही नाही. तो चिकटला पुढे, तत्त्वज्ञ मंडळी देवांच्या गोष्टींकडे डोळे बारीक करून पाहू लागली तेव्हा. झेनोफेनीस म्हणाला की बैलांना आणि घोड्यांना हात असते, चित्रं काढता आली असती, तर बैलांनी बैलासारखे देव काढले असते आणि घोड्यांनी घोड्यासारखे. प्लेटोनं तर आपल्या आदर्श नगरात असल्या गोष्टी मुलांच्या कानांवर पडूच द्यायच्या नाहीत असं ठरवलं. देव भांडतात, फसवतात, हे ऐकून पोरं काय शिकणार? जे तर्कानं पटवून देता येतं ते 'लोगॉस', आणि नुसतं सांगितलं जातं ते 'मूथॉस', अशी फाळणी हळूहळू झाली आणि मूथॉसचं पान मागच्या पंक्तीत गेलं.

पण हाच प्लेटो तर्क संपला की गोष्ट सांगायला बसतो. मेल्यानंतर आत्म्याचं काय होतं हे सांगायची वेळ आली तेव्हा त्यानं रणांगणात मेलेला आणि बाराव्या दिवशी चितेवर उठून बसलेला एर नावाचा शिपाई उभा केला. समुद्रात बुडालेलं अटलांटिस हेसुद्धा त्याच्याच संवादांतून जगाला माहीत झालं. त्याआधीच्या कुठल्याही लेखनात त्याचा मागमूस नाही. लोक ते अजून शोधत आहेत.

युरोपीय भाषांत 'मिथ' हा शब्द एकोणिसाव्या शतकात रुळला तो ही दोन्ही ओझी घेऊन. एका अंगानं 'मिथ' म्हणजे एखाद्या समाजाची पवित्र, पायाभूत कथा. दुसऱ्या अंगानं 'मिथ' म्हणजे सर्रास पसरलेली चुकीची समजूत. एकाच शब्दात 'सर्वांत खोल सत्य' आणि 'निव्वळ थाप' असे दोन अर्थ नांदत असतील तर भांडणासाठी वेगळं निमित्त लागत नाही.

आपल्याकडे हिंदीच्या वाटेनं 'मिथक' आलं. 'मिथ'ला 'क' जोडला की शब्द संस्कृतासारखा दिसू लागतो, आणि इथेच घोटाळा झाला. मराठी कानाला 'मिथक' म्हटलं की 'मिथ्या' ऐकू येतं. वास्तविक या दोघांचं नातं नाही. 'मिथ्या' हा 'मिथः', 'मिथुन' यांच्या कुळातला, म्हणजे मुळात परस्पर, आलटून-पालटून, उलटसुलट अशा अर्थांचा. ग्रीक 'मूथॉस'चा आगापीछा भाषाशास्त्रज्ञांनाही नीट लागलेला नाही, पण तो या घरचा नव्हे. तरी व्युत्पत्ती काहीही सांगो, शब्दाचा अर्थ शेवटी कानच ठरवतो. म्हणून 'मिथक म्हणजे खोटं नव्हे हो' असं दर वेळी समजावणाऱ्या अभ्यासकांची मला कीव येते, आणि थोडा रागही येतो. जो शब्द वापरल्याबरोबर खुलासा करावा लागतो, तो निवडला कशाला?

यातला उपरोध असा की वेदान्तात 'मिथ्या' म्हणजे सरळसोट 'खोटं' नाहीच. दोरीवर दिसलेला साप खरा म्हणता येत नाही, कारण दिवा आणला की नाहीसा होतो. आणि मुळीच नव्हता असंही म्हणता येत नाही, कारण अंगावर काटा तर खराच आला होता. धड 'आहे'ही नाही, धड 'नाही'ही नाही, ते मिथ्या. या अर्थानं घेतलं तर 'मिथक' हा शब्द चुकून फार नेमका बसला आहे. पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हे कोण सांगणार? तिथे तर आता 'झोपेविषयीची पाच मिथकं' असे मथळे दिसतात. मराठीत 'गैरसमज' हा धडधाकट शब्द असताना हे का, ते मला कळलेलं नाही.

मराठी समीक्षेनं पर्याय पुष्कळ काढले: प्राक्कथा, पुराकथा, दैवतकथा, आदिकथा. त्यांतला एकही घराघरांत पोचला नाही. त्यातल्या त्यात 'पुराणकथा' सुखानं चालतो. ग्रीक पुराणकथा, नॉर्स पुराणकथा असं आपण सहज म्हणतो, अठरा पुराणांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नसताना.

जुनी वाटणी

'पुराण' शब्दाची व्युत्पत्ती यास्क या प्राचीन शब्दशास्त्रज्ञानं निरुक्तात दिली आहे आणि ती सुरेख आहे: 'पुरा नवं भवति', पूर्वी जे नवं होतं ते. पुराणाची पाच लक्षणं परंपरेनं ठरलेली: सर्ग म्हणजे सृष्टीची उत्पत्ती, प्रतिसर्ग म्हणजे प्रलयानंतरची पुन्हा उत्पत्ती, वंश म्हणजे देव-ऋषींच्या वंशावळी, मन्वंतरं म्हणजे एकेका मनूचे कालखंड, आणि राजवंशांची चरित्रं. प्रत्यक्षातली पुराणं या पाच खणांत मावत नाहीत, व्रतं, तीर्थं, दानं असं कायकाय त्यांत आहे. तरी व्याख्या म्हणून ही यादी कुठल्याही आधुनिक व्याख्येपुढे मान खाली घालणार नाही.

'इतिहास' म्हणजे 'इति ह आस', 'असं खरोखर होतं'. महाभारत स्वतःला इतिहास म्हणवतं ते या अर्थानं. आज शाळेत 'इतिहास' विषयाचा पेपर असतो त्यात शब्द तोच, पण पुरावा मागायची पद्धत वेगळी. पुष्कळसे वाद या एका शब्दाच्या दोन वयांमधले आहेत.

सगळ्यांत मजेदार प्रवास 'आख्यायिके'चा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात लिहिलं आहे, 'आख्यायिकोपलब्धार्था', म्हणजे जिचा विषय आधीच ठाऊक असलेला, घडलेला आहे ती आख्यायिका. आणि 'प्रबन्धकल्पना कथा', कल्पनेनं रचलेली ती कथा. सातव्या शतकात बाणभट्टानं दोन्ही लिहिल्या. हर्ष राजावरचं 'हर्षचरित' ही आख्यायिका, आणि 'कादंबरी' ही कथा. आज काय झालं आहे पाहा. 'अशी आख्यायिका आहे' असं मराठीत म्हटलं की अर्थ होतो 'खरं-खोटं देव जाणे'. घडलेल्याची ग्वाही देणारा शब्द हात झटकणारा झाला. आणि बाणाच्या नायिकेचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला मिळालं.

दंडी या साहित्यशास्त्रज्ञाला त्याही काळी या वर्गवारीचा कंटाळा आला होता. आख्यायिकेत नायकानं स्वतः बोलायचं, कथेत दुसऱ्यानं, असे नियम कुणीकुणी घालून ठेवले होते. दंडी म्हणतो, कोण बोलतो यानं काय फरक पडतो? ही एकच जात आहे, तिला नावं दोन आहेत.

तीन खोल्या

युरोपात हीच झाडाझडती जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी केली. त्यांचा घरगुती परीकथांचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला, दंतकथांचे दोन खंड १८१६ आणि १८१८ मध्ये, आणि थोरल्या याकोबचा जर्मन दैवतकथांवरचा ग्रंथ १८३५ मध्ये. तीन प्रकारांसाठी तीन वेगळी पुस्तकं. त्यांचं निरीक्षण असं की परीकथा काव्याकडे झुकते आणि दंतकथा इतिहासाकडे. परीकथा स्वतःच्या पायांवर कुठेही उभी राहते. दंतकथेला टेकायला एखादा डोंगर, एखादं तळं, एखादं माहीत असलेलं नाव लागतं.

ही विभागणी आज जशी शिकवली जाते तशी नीट बसवली विल्यम बॅस्कम या अमेरिकन अभ्यासकानं, १९६५ साली. सोप्या भाषेत सांगायचं तर गोष्टींच्या घराला तीन खोल्या आहेत. पहिल्या खोलीतली कथा ऐकणारा समाज खरी मानतो, ती फार पूर्वीच्या, वेगळ्याच जगात घडते, पात्रं बहुतेक माणसं नसतात, आणि ती पवित्र असते. ही मिथ, आपली पुराणकथा. दुसऱ्या खोलीतलीही खरी म्हणूनच सांगितली जाते, पण ती आपल्याच जगात, अलीकडे घडते, माणसांना घडते. ही दंतकथा. तिसरीतली कथा खरी आहे असा दावा सांगणाराही करत नाही, ऐकणाराही धरत नाही. तिला काळ नाही, गाव नाही. ही लोककथा.

यात कळीची बाब एकच. 'खरी मानतो' म्हणजे ज्या समाजात ती सांगितली जाते तो समाज मानतो. ती घडली का, हे बॅस्कम विचारतच नाही. त्याच्या मोजमापानं 'मिथ' ही पदवी मिळायची तर कुणीतरी त्या कथेवर मनापासून विश्वास ठेवायला हवा. म्हणजे बाजारात 'मिथ' म्हणजे थाप, आणि अभ्यासिकेत 'मिथ' म्हणजे कुणाची तरी श्रद्धा. रामायणाबद्दल बोलणारा तो अभ्यासक या दुसऱ्या अर्थानं बोलत असतो. पण ऐकणाऱ्याच्या रागालाही आधार आहे. ज्या युरोपीय अभ्यासकांनी हा शब्द रुळवला, त्यांतले बहुतेक स्वतःच्या धर्मग्रंथातल्या गोष्टींना तो लावत नव्हते. 'मिथ' नेहमी दुसऱ्याच्या घरातली असायची.

आता या खोल्या म्हणजे सिमेंटच्या भिंती नव्हेत, हे दाखवायला एका माशाची गोष्ट पुरेल.

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात ती आहे. सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणून देतात, आणि त्याच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो. मासा म्हणतो, 'मला पाळ, मी तुला वाचवीन.' 'कशापासून?' 'पूर येणार आहे, सगळ्या प्रजेला वाहून नेईल.' 'पाळू कसा?' यावर मासा जे बोलतो ते पाण्याजवळ राहणाऱ्या माणसाचं बोलणं आहे: आम्ही लहान असतो तोवर आमच्या जिवाला धोका फार, मासाच माशाला गिळतो. आधी मला मडक्यात ठेव. मडकं पुरेनासं झालं की खड्डा खणून त्यात सोड. तोही पुरेना की समुद्रात ने. मनू तसं करतो. पूर येतो, मनू नावेत बसतो, नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतो आणि मासा नाव उत्तरेच्या पर्वतावर नेतो. पाणी ओसरेल तसतसा तू खाली उतर, घाई करू नकोस, असंही सांगतो. जिथून मनू उतरला त्या उताराला 'मनोरवसर्पण' म्हणतात, अशी पुस्ती कथेतच आहे.

इथे मासा कोण आहे? कुणीच नाही. मासा आहे. शतपथ ब्राह्मणाला त्याच्या ओळखीत रसच नाही. कथा पुढे मनूच्या यज्ञाकडे आणि त्यातून जन्मलेल्या इडेकडे जाते, कारण यज्ञातल्या 'इडा' नावाच्या विधीचं मूळ सांगण्यासाठी ती तिथे आली आहे. महाभारताच्या वनपर्वात हाच मासा शेवटी सांगतो की मी प्रजापती ब्रह्मा. मत्स्यपुराणात तो विष्णू झालेला असतो, आणि पुढे दशावतारांतला पहिला. मासा तोच, पुरही तोच. सांगणारे बदलले तसा माशाचा पत्ता बदलला. आज ही कथा चित्रांच्या पुस्तकात मुलं वाचतात तेव्हा ती तिसऱ्या खोलीत असते. आणि नकाशे पसरून 'हा पूर नक्की अमुक काळी आला होता' असं कुणी मांडू लागला की तो तिला दुसऱ्या खोलीत ओढत असतो.

पुराच्या कथा इतरत्रही आहेत हे सर्वांना माहीत असतं, पण त्या किती जुन्या असाव्यात याचा धक्का जगाला १८७२ मध्ये बसला. नोटांच्या छपाईचे ठसे कोरण्याचं काम शिकलेला जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस ब्रिटिश म्युझियममध्ये मातीच्या विटा वाचत बसला होता. एका विटेवर त्याला पूर, नाव, डोंगराला टेकलेली नाव आणि शोधायला सोडलेलं कबुतर सापडलं. बायबलमधल्या नोहाची गोष्ट, पण बायबलमधली नव्हे. ती प्राचीन मेसोपोटेमियातल्या, गिल्गमेश राजाच्या महाकाव्याची अकरावी वीट होती. ती वाचून स्मिथ इतका हरखला की तिथल्या तिथे उड्या मारत कपडे उतरवू लागला, अशी आख्यायिका आहे. (आजच्या मराठीत हा शब्द कसा वापरतात, त्याचा नमुना म्हणून हे वाक्य ठेवून द्या.)

'कुठला घाट?'

दंतकथेला मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण तिच्याबद्दल गैरसमज सगळ्यांत जास्त.

आपण 'लेजेंड'साठी 'दंतकथा' वापरतो, पण जन्मानं हे दोन शब्द एकमेकांच्या उलट आहेत. लॅटिन 'लेगेंडा' म्हणजे 'वाचायच्या गोष्टी'. ख्रिस्ती मठांत संताच्या स्मरणदिनी त्याचं चरित्र मोठ्यानं वाचत, ते लेगेंडा. दंतकथा म्हणजे दातांमधून आलेली, तोंडची. एक पानावरची, दुसरी जिभेवरची. जर्मन 'झागं' आपल्या जवळचा, तो 'सांगणं' या अर्थाच्या क्रियापदावरूनच आला आहे.

दंतकथा म्हणजे खोटी कथा, असं नाही. हाइनरिख श्लीमाननं होमर हातात धरून, त्यातलं ट्रॉय शहर शोधायला तुर्कस्तानातली हिसारलिकची टेकडी खणायला घेतली तेव्हा अनेक विद्वान हसले होते. टेकडीखाली एकावर एक वसलेली शहरं निघाली. त्यातल्या सोन्याला त्यानं १८७३ मध्ये ट्रॉयच्या प्रायम राजाचा खजिना म्हणून नाव दिलं, आणि इथे तो फसला. तो ऐवज ट्रॉयचं युद्ध ज्या काळात धरतात त्याहून हजारभर वर्षं जुना आहे. शहर खरं, खजिना खरा, राजाचं नाव मात्र श्लीमाननं चिकटवलेलं.

उलट बाजूला स्वित्झर्लंडचा विल्यम टेल. मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणानं उडवणारा, राष्ट्राचा मानबिंदू. त्याच्या नावाचा समकालीन कागद एकही नाही. आणि नेमबाजाला पोराच्या डोक्यावरचं सफरचंद टिपायला लावणारा जुलमी मालक टेलच्या कितीतरी आधी, १२०० च्या सुमारास, डेन्मार्कच्या सॅक्सो ग्रामॅटिकसच्या इतिहासात आहे. तिथे तिरंदाजाचं नाव टोको. भटकी गोष्ट एखाद्या गावात येते, तिथलं नाव घेते, तिथला चौक घेते आणि रहिवासी होऊन जाते.

घाटातली ती बाई याच जातीची. ही कथा जगभर आहे. कुठे तिला गाडीत घेतात आणि मुक्कामाला पोचल्यावर मागची सीट रिकामी असते. कुठे तिला दिलेला कोट दुसऱ्या दिवशी थडग्यावर सापडतो. तपशील निरनिराळे, पण दोन गोष्टी ठरलेल्या. एक, जागा अगदी नेमकी सांगितलेली असते, मैलाच्या दगडासकट. दुसरी, सांगणाऱ्यानं स्वतः कधी पाहिलेलं नसतं आणि साक्षीदार फार लांबचाही नसतो. तो नेहमी मित्राचा मित्र, मेव्हण्याच्या ऑफिसातला, शेजारणीच्या बहिणीचा दीर. एवढं अंतर बरोबर मापाचं आहे. याहून जवळ असता तर विचारून खात्री करता आली असती, याहून लांब असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. व्हॉट्सॲपवर फिरणारे निरोप हीच युक्ती वापरतात.

पहिल्या खोलीतली कथा विश्वास मागते आणि तिसरीतली मागत नाही. दंतकथा मात्र वाद मागते. 'असं होणं शक्य नाही' म्हणणारा एक तरी श्रोता नसेल तर तिला रंगच चढत नाही.

खोल्यांत न मावणाऱ्या

आपली कहाणी घ्या. 'ऐका आदित्यराणूबाई तुमची कहाणी. आटपाट नगर होतं.' एका दमात देवतेला हाक आणि परीकथेचं नगर. आटपाट नगराला ना काळ ना नकाशा, राजाला बहुधा नावही नाही, नावडती-आवडती राणी आहेच. म्हणजे सगळा थाट लोककथेचा. पण ती सांगणारी बाई हातात अक्षता घेऊन बसलेली असते आणि 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' हे ऐकणाऱ्याला उद्देशून असतं. बॅस्कमच्या तक्त्यात हिला कुठे बसवायची? अंगरखा तिसऱ्या खोलीतला आणि बैठक पहिल्या. 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' असं ती स्वतःच म्हणते, म्हणजे आपण संक्षेप आहोत हेही तिला ठाऊक आहे. मला विचाराल तर तक्ता बदलावा, कहाणी नव्हे.

'दृष्टांता'चंही तसंच. आंधळे आणि हत्ती हा चक्रधरांचा दृष्टांत म्हणजे मुद्दा पटवण्यासाठी सांगितलेली गोष्ट. आणि 'स्वप्नात देवानं दृष्टांत दिला' म्हणजे प्रत्यक्ष दर्शन. एका शब्दात उदाहरण आणि साक्षात्कार दोन्ही.

'भाकडकथा' मात्र मराठीनं अस्सल गोठ्यातून उचलली आहे. दूध देत नाही ती गाय भाकड. जी गोष्ट ऐकून हाती काही लागत नाही ती भाकडकथा. शब्द नीट पाहा. तो गोष्टीला खोटी म्हणत नाही, आटलेली म्हणतो. आणि भाकड गाय कायमची भाकड नसते, हे गाय पाळणाऱ्याला माहीत असतं.

'पुराणातली वांगी पुराणात' ही म्हण याच रांगेतली. वांगी खाऊ नयेत असं पुराण सांगून घरी आलेले बुवा बायकोनं वांगी टाकून दिलेली पाहून वैतागले, अशी तिची गोष्ट सांगतात. हल्ली दुसरा खुलासा फिरतो की मुळात 'वांगी' नव्हतीच, 'वानगी' होती, म्हणजे दाखला. ऐकायला छान वाटतं, आणि तेवढ्यावरच लोक तो पुढे पाठवतात. म्हणीबद्दलची दंतकथा अशी आपल्या डोळ्यांसमोर तयार होते आहे.

डाग आणि हक्क

या पहिल्या खोलीतल्या कथा असतात तरी कशासाठी? एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांचं आवडतं उत्तर होतं, निसर्गाचा उलगडा करण्यासाठी. मॅक्स म्युलरला जिकडेतिकडे सूर्य दिसे. उगवणारा, मावळणारा, पहाटेमागे धावणारा सूर्य म्हणजेच बहुतेक देव आणि वीर, आणि जुन्या शब्दांचे अर्थ विसरल्यामुळे त्यांच्या गोष्टी झाल्या, असं त्याचं म्हणणं. १८७० मध्ये लिटलडेल नावाच्या पाद्र्यानं म्युलरच्याच पद्धतीनं सिद्ध करून दाखवलं की मॅक्स म्युलर नावाचा माणूस झालाच नाही, तीही एक सूर्यकथाच आहे.

दुसरं उत्तर दिलं मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला. तिथल्या लोकांकडे गोष्टींसाठी तीन शब्द होते. 'कुक्वानेबू' पावसाळ्यात, शेतावर फारसं काम नसताना, मजेसाठी सांगायच्या. प्रत्येक गोष्टीचा मालक ठरलेला. 'लिब्वोग्वो' म्हणजे वाडवडिलांच्या, वादळांच्या, लढायांच्या, खऱ्या म्हणून सांगितलेल्या. आणि 'लिलिऊ' पवित्र, विधीशी बांधलेल्या. बॅस्कमच्या तीन खोल्या पुस्तकी नाहीत, त्याचा हा पुरावा.

तिथली एक लिलिऊ अशी. चार कुळांचे चार प्राणी जमिनीतल्या एका भोकातून वर आले. कुत्रा आणि डुक्कर इकडेतिकडे हुंगू लागले. कुत्र्याला 'नोकू'चं फळ दिसलं, त्यानं ते हुंगलं आणि खाल्लं. डुक्कर म्हणालं, तू नोकू खातोस, घाण खातोस. तू हलक्या कुळाचा, प्रमुख आता मी. तेव्हापासून डुकराच्या कुळातले मुखिया श्रेष्ठ. यात ना सूर्य आहे ना पाऊस, आणि निसर्गाचा कसला उलगडाही नाही. मालिनोव्स्की म्हणाला, ही कथा म्हणजे सनद आहे. बेटावर कुणाचा मान पहिला, हा प्रश्न उठला की ती काढून दाखवायची.

तरीही उलगड्याचं उत्तर पूर्ण टाकवत नाही, ते चंद्रामुळे. चंद्रावरचे डाग माणसाला गप्प बसू देत नाहीत. जातककथेत एक ससा भुकेल्या अतिथीला द्यायला काही नाही म्हणून स्वतःच विस्तवात उडी घेतो, आणि अतिथीचं रूप घेतलेला शक्र, म्हणजे इंद्र, पर्वत पिळून त्या रसानं सशाचं चित्र चंद्रावर काढतो. संस्कृतात चंद्र 'शशांक' झाला तो या डागापायी. चीनमध्ये तिथे जेड नावाच्या मौल्यवान दगडाचा ससा खलबत्त्यात औषध कुटत असतो. मेक्सिकोतल्या ॲझटेक लोकांच्या कथेत चंद्र सूर्याइतकाच झगझगीत होता, म्हणून देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला, आणि तो फिका पडला.

चीननं चंद्रावर पाठवायच्या गाडीला नाव सुचवा म्हणून लोकांना विचारलं, आणि लोकांनी त्या सशाचंच नाव दिलं, 'यूतू'. १४ डिसेंबर २०१३ ला तो चंद्रावर उतरला. थोड्या अंतरावर जाऊन कायमचा थांबला, आणि अजून तिथेच आहे. त्याला सहा चाकं आहेत.